उन्हावरची गाडी आणि शिडीचं कुलूप

आमच्या भावोजींना गल्लीत सगळे लाइनमन म्हणतात. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी कोणाच्या घरचे दिवे गेले की पहिली हाक त्यांनाच, वीज ऑफिसला फोन नंतर. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, म्हणते, "माझं लग्न माणसाशी झालं की खांबाशी, ते मला अजून कळलेलं नाही." मी स्वतः तीस वर्षं ग्रंथालयात काढली, लग्नाच्या भानगडीत पडले नाही, आणि आता या दोघांच्या मागच्या खोलीत राहते. भावोजी मला 'लायब्ररी' म्हणतात. "लायब्ररी, चहा घेणार का?" चहा तेच करतात, म्हणून ऐकून घेते.

उंच, हाडकुळा माणूस. उजव्या करंगळीचं शेवटचं पेर नाही. रस्त्याने चालताना नजर कायम वर, तारांवर. कुठली तार सैल आहे, कुठल्या खांबावर वेल चढला आहे, हे त्यांना दिसतं. समोरचा खड्डा दिसत नाही. खड्डे ताई बघते. पंचेचाळीस वर्षं ती त्यांच्या कोपराला धरून चालते आहे आणि लोकांना वाटतं काय हे प्रेम! प्रेम असेलही, पण मुख्य कारण खड्डे.

त्यांच्या कामाची एक पद्धत होती, आणि ती त्यांनी निवृत्तीनंतर घरी आणली. खांबावर चढायच्या आधी खालचा स्विच बंद करायचा, त्याला स्वतःचं कुलूप घालायचं, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची आणि कुलपाला एक लाल कार्ड अडकवायचं. कार्डावर तीन ओळी. कुलूप कोणाचं, कधी लावलं, लाइनवर माणसं किती. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. मोठा साहेब आला तरी त्याने हात लावायचा नाही. जितकी माणसं वर गेली तितकी खाली उतरली, हे मोजल्याशिवाय तर नाहीच नाही. आणि कुलूप लावलं की दोनदा ओढून बघायचं. "लावलं म्हणजे लागलं असं नसतं," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता माझ्याही तोंडी बसलंय. घरात ते न्हाणीघराची कडी ओढून बघतात, गॅसचं बटण बघतात. एकदा माझं कपाट ओढून बघितलं, तेव्हा मी चार शब्द सुनावले. तेव्हापासून माझं कपाट सुटलं.

या पद्धतीमागे एक मेलेला माणूस आहे. भावोजींचा जोडीदार, बारा वर्षं दोघं एका शिडीवर काम करत. एका दुपारी तो एकटाच वर होता. खाली कोणी तरी आलं, कुलूप दिसलं, विसरून राहिलंय असं वाटलं, हातोडीने फोडलं आणि स्विच वर केला. अहवालात ऑफिसने लिहिलं की कुलूप लावलेलंच नव्हतं. भावोजींनी फुटलेलं कुलूप गवतातून उचलून टेबलावर नेऊन ठेवलं, तर साहेब म्हणाला, हे कुठलंही असेल. ते कुलूप आज आमच्या घरी, त्यांच्या टेबलाच्या खणात, कात्री आणि जुन्या चष्म्यांच्या शेजारी पडलेलं असतं. त्यांनी नोकरी सोडली नाही. पुढे एकोणीस वर्षं केली. पण त्या दिवसानंतर त्यांनी दोन गोष्टी ठरवल्या. कुठलंच कुलूप फोडायचं नाही, आणि त्या ऑफिसकडून लागेल त्याच्यापेक्षा जास्त काही घ्यायचं नाही.

चार वर्षांपूर्वी ताईच्या किडन्या कामातून गेल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार दवाखान्यात जायचं, चार तास मशीनला जोडून घ्यायचं आणि परत यायचं. दवाखाना सव्वीस किलोमीटर. पहिले काही महिने बसने गेले. येताना ताईला उभं राहवत नसे, बसल्यावर पोटात ढवळे, आणि मधल्या स्टॉपवर उतरून दोघं कडेच्या दगडावर बसून राहत. एका शुक्रवारी दोघं घरी आले ते संध्याकाळी साडेसहाला. त्याच्या पुढच्या आठवड्यात भावोजींनी एक वापरलेली विजेची गाडी आणली. राखाडी, छोटी, मागच्या दारावर आधीच्या मालकाचा ओरखडा. आणि छपरावर आठ सोलर पॅनेल, अंगणात त्यांना जोडलेला चार्जर, सगळं स्वतः बसवलं.

गाडीबरोबर एक पिवळी पिशवी आली होती. तिच्यात घरातल्या साध्या प्लगला लावून गाडी चार्ज करायची वायर होती. भावोजींनी पिशवी उघडलीसुद्धा नाही, थेट माळ्यावर टाकली. "ही गाडी उन्हावर चालणार. खांबावरचं एक युनिट तिच्यात जायचं नाही."

"आणि फ्रिज?" मी विचारलं. "तो काय चांदण्यावर चालतो?"

"फ्रिज आधीपासूनचा आहे."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

पण खरं सांगायचं तर हिशेब छान जमला होता. लोकांची विजेची गाडी दिवसभर कामावर असते आणि सूर्य मावळला की घरी येते, म्हणजे दोघांची गाठच पडत नाही. आमची गाडी सकाळी सहाला निघायची आणि बाराच्या आत दारात. वायर लावली की उरलेलं ऊन तिचं. मधल्या दिवशी तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती अंगणात पडून ऊन खात असायची. त्या दिवशी तिला कोणी हात लावायचा नाही. भाजी आणायला भावोजी चालत जात, दळण डोक्यावर आणत. दारात गाडी उभी आणि मालक घामाघूम, असं गल्लीत आमचंच एक घर.

दवाखान्यातही त्यांनी आपली पद्धत सोडली नाही. पहिल्याच दिवशी मशीनच्या मागे वाकून प्लग ओढून बघितला, तर नर्स ओरडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितला, पुन्हा ओरडली. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच खुर्ची आणून भिंतीशी, स्विचबोर्डाखाली ठेवली आणि म्हणाली, "बसा इथे. कोणी हात लावला तर तुम्हीच बघा." तेव्हापासून ताईच्या हातातल्या सुया निघेपर्यंत ते तिथून हलत नाहीत. ताई बाकीच्या पेशंटना सांगायची, "मी लाइनवर असते तेव्हा आमचे हे खाली स्विचपाशी उभे असतात. आयुष्यभर हे वर आणि मी खाली, आता उलटं झालंय."

सगळं सुरळीत होतं, पण आमच्या मागे लाकडाची वखार आहे. करवत दिवसभर चालते, भुसा उडतो, पहाटेच्या दवाने तो पॅनेलच्या काचेला चिकटतो आणि वाळला की पापुद्रा धरतो. मग ऊन लख्ख असूनही गाडीचं पोट अर्धंच भरतं. वखारवाला आणि भावोजी यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. "लाइनमन, तुमचा सूर्य माझ्या भुशाला घाबरतो होय?" असं तो कुंपणावरून विचारायचा आणि भावोजी त्याच्याकडे न बघता शिडी लावायचे.

गुरुवारी आणि रविवारी, उजाडल्या उजाडल्या, काच तापायच्या आत, ते वर चढत. आधी चार्जरचा स्विच बंद, मग लाल रंगाचं कुलूप, मग कार्ड. निवृत्त होताना ऑफिसातून त्यांनी कार्डांचा एक अख्खा गठ्ठा आणला होता. बाकी काही मागितलं नव्हतं. कार्डावर लिहायचं, लाइनवर माणसं: एक. दोनदा ओढायचं. मग बादली आणि लांब दांड्याचा ब्रश घेऊन वर.

वय एकोणसत्तर. रक्तदाबाच्या गोळ्या. डॉक्टरांनी बजावलं होतं की उंचावर चढू नका, चक्कर येईल. भावोजींचं उत्तर, "चक्कर मला जमिनीवर येते. वर कधी आली नाही."

ते वर असेपर्यंत ताई खाली बसे. एका हाताने शिडी धरून. दुसऱ्या हातात सुया टोचतात, त्या हाताने तिला काही पेलायचं नाही, म्हणून तो मांडीवर. समोरचा चहा निवून जाई. मला एकदा ती म्हणाली, "माझ्या जाण्यायेण्यासाठी चढतात गं. उद्या पडले तर? माझं काय, मी आज ना उद्या जाणारच आहे. पण माझ्यापायी ते आधी गेले तर ते मला सोसायचं नाही." हे तिने भावोजींनाही सांगितलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी. मीही सांगून बघितलं. मला म्हणाले, "लायब्ररी, पुस्तकं झटकायला तुम्ही स्टुलावर चढत होता ना?"

त्या गुरुवारी ताई झोपलेली होती. बुधवारचं मशीन तिला जड गेलं होतं. भावोजी तिला न उठवता वर गेले. काय झालं ते आम्हाला दुपारी चारला कळलं, तेही कुलपामुळे.

ताई अंगणात आली तर भावोजी पन्हळीच्या पाइपात तार घालून काही तरी उकरत होते. चार्जरवर लाल कुलूप तसंच. गाडी दिवसभर उपाशी उभी. ताईने कुलूप ओढून बघितलं.

"अहो, वर कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग कुलूप कसं?"

भावोजी तार ढवळत राहिले. "किल्ली पडली पाइपात."

"खिशातली किल्ली पाइपात कशी पडते? माणूस उभा असला तर खिशातून किल्ली पडत नाही."

या माणसाला खोटं बोलता येत नाही. चौतीस वर्षं कार्डावर खरं लिहिलेलं, हाताला सवयच नाही. ताईने जवळ जाऊन त्यांचा सदरा वर केला. कोपरापासून कमरेपर्यंत सगळं काळंनिळं. ओल्या पत्र्यावर पाय सरकला होता, कडेपर्यंत घसरत गेले होते, आणि शेवटच्या पॅनेलच्या चौकटीला हात अडकला म्हणून थांबले. तिथे अर्धा तास बसून राहिले. हाक मारली नाही. ताईची झोप मोडली असती म्हणे.

मला राग आला. मी म्हणाले, "बरं, आता उद्याचं काय? गाडीत किती आहे?"

बावीस टक्के होती. जायला पुरली असती, यायला नाही.

"मग फोडा ते कुलूप. तुमचंच आहे."

"कुलूप फोडायचं नाही."

"मग माळ्यावरची पिवळी पिशवी काढा. सकाळपर्यंत भरेल."

"ती वायर मी लावणार नाही. किल्ली सापडेल."

ताई आत जाऊन पडली. दिवेलागण झाली, पाइपात काही दिसेना, किल्ली काही सापडली नाही. तत्त्व फार चांगली गोष्ट आहे, पण ते कोणाच्या अंगावर पडतं ते बघून पाळावं, असं मी त्या दिवशी मोठ्याने म्हणाले.

शुक्रवारी सकाळी ताई वखारवाल्याच्या टेम्पोतून दवाखान्यात गेली. त्याला विचारायला मीच गेले होते. एवढ्या सकाळी दुसरं वाहन कुठून आणणार? बस म्हटलं तर ताईचा चेहरा बघवत नव्हता. पुढच्या सीटवर वखारवाला, मध्ये ताई, कडेला भावोजी, आणि मागे लाकडांवर मी. आम्हाला सोडून तो निघून गेला नाही, फाटकाबाहेर टेम्पो लावून बसून राहिला. परतीच्या वाटेवर ताईला तीनदा उलटी झाली. वखारवाल्याने आपलं खांद्यावरचं धुतलेलं उपरणं पुढे केलं. सगळा रस्ता तो वीसच्या वेगाने चालवत आला. मागून लोक हॉर्न वाजवत होते. दारात उतरवताना भुशावरून एक शब्द बोलला नाही. भावोजींनी त्याच्याकडे पहिल्यांदा सरळ बघितलं.

ताईला आत झोपवून ते परत पाइपाशी गेले आणि दहा मिनिटांत किल्ली सापडली. वळणात अडकली होती. कुलूप निघालं, कार्ड निघालं, गाडीला वायर लागली. पण अर्धे पॅनेल भुशाने माखलेले होते आणि शनिवारी आभाळ भरून आलं. पाऊस नाही, नुसतंच सावट. रविवारी सकाळी गाडीत छत्तीस टक्के. सोमवारला पुरणार नव्हते. वर चढून पॅनेल धुतले, तर दुपारच्या उन्हात भागलं असतं.

शिडी मागच्या भिंतीला दोन खुंट्यांवर आडवी टांगलेली असते, माझ्या खिडकीच्या बरोबर खाली. त्यामुळे मी सगळं बघितलं. भावोजी बादली घेऊन आले. शिडीला हात घातला. शिडी हलली नाही. खालच्या पायरीतून आणि खुंटीतून साखळी ओवलेली होती, आणि साखळीला ताईच्या जुन्या ट्रंकेचं पितळी कुलूप. कुलपाला लाल कार्ड.

त्यांनी बादली खाली ठेवली. घरात गेले आणि तारा कापायची मोठी कात्री घेऊन आले. ती साखळी म्हणजे त्यांच्या हाताला एका दाबाचं काम. कात्रीची पाती साखळीवर ठेवली. मग कार्ड वळवून समोर धरलं. चष्मा नव्हता. हात लांब केला, जवळ आणला, पुन्हा लांब केला.

"लायब्ररी, जाग्या आहात का?"

"आहे."

"हे वाचा."

मी खिडकीतून वाकले. ताईचं अक्षर गोल आहे, मुलींच्या शाळेतल्यासारखं. वाचून दाखवलं, "कुलूप कोणाचं: माझं. कधी लावलं: शुक्रवारी, दवाखान्यातून आल्यावर. लाइनवर माणसं: दोन."

"दोन?"

"दोन लिहिलंय."

कात्री साखळीवर तशीच होती. वखार बंद होती, रविवार होता, त्यामुळे गल्लीत काहीही आवाज नव्हता. ताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती, सुयांचा हात पोटाशी धरून. तिने त्यांना अडवलं नाही, काही समजावलंही नाही. माझ्या मनात आलं की आता कापलं तर या दोघांमधलं काही तरी असं तुटेल की ते जोडायचा लाइनमन कुठेच मिळायचा नाही. मला भीती वाटली. या वयात इतकी भीती मला वाटली नव्हती.

भावोजींनी कार्ड पुन्हा डोळ्यांपुढे धरलं, न दिसणारं अक्षर बघत राहिले. मग म्हणाले, "बरोबर भरलंय."

त्यांनी कात्री भिंतीला टेकवून ठेवली. घरात आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "स्टूल धरा." मी स्टूल धरलं. माळ्यावरून त्यांनी पिवळी पिशवी काढली, दोन वर्षांची धूळ माझ्या डोक्यावर पडली. प्लास्टिक सुरीने फाडलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर अंगणात सोडली. फ्रिजचा प्लग काढून त्या जागी हा लावला, कारण तेवढा एकच मोठा प्लग तिथे आहे. बटण दाबायच्या आधी त्यांचा हात क्षणभर बोर्डावर थांबला. मग दाबलं. अंगणात गाडीचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला. भावोजी तिकडे पाठ करून उभे होते. टेबलाचा खण उघडून त्यांनी त्या फुटक्या कुलपाकडे एकदा बघितलं आणि खण बंद केला.

"दूध खराब होईल," ताई म्हणाली.

"चहा टाकतो," ते म्हणाले. सगळ्या दुधाचा चहा झाला. वखारवाल्याच्या घरी एक किटली गेली, भावोजी स्वतः घेऊन गेले. तिथे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. बराच वेळ लागला एवढं खरं.

याला आता दीड वर्ष झालं. पॅनेल पावसाने धुतले जातात तेवढेच. उन्हाचं जेवढं मिळतं तेवढं गाडी घेते, उरलेलं खांबावरून. भावोजी म्हणतात, "अर्धी गाडी माझी, अर्धी ऑफिसची." ताई अजून सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी जाते. तिचं वजन घटलंय, पायऱ्या चढताना थांबते. शिडी भिंतीवरच आहे. पितळी कुलूप पावसाने काळं पडलंय, कार्ड दोनदा भिजून फाटलं, आणि दोन्ही वेळा ताईने नवीन लिहून लावलं. मजकूर तोच.

भावोजी रोज संध्याकाळी घराची फेरी मारतात. गॅसचं बटण, न्हाणीघराची कडी, अंगणाचं फाटक. शेवटी मागच्या भिंतीशी येतात. माझी खिडकी उघडी असते, ते मला बघत नाहीत. ताईच्या कुलपाला हात घालतात आणि दोनदा ओढून बघतात.